हार्पर्स फेरीचा बंबखाना

(रौप्यमहोत्सवानिमित्त गच्चीवर झालेल्या कार्यक्रमात सी विंगमधल्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेलं हे भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनी ते लिहून दिलं. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मागे टाकीवर चढून बसलेली बाळगोपाळ मंडळी, आधी खाली उतरा बघू.

मला वीस मिनिटं दिली आहेत. घरून सूचना आहे पंधरा मिनिटांची. बघू कुणाचं ऐकता येतं ते.

कमिटीनं विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, अमेरिकेतल्या एका शस्त्रांच्या कारखान्याविषयी बोलतो. समोरून जरा शांतताच पसरली. सोसायटीचा रौप्यमहोत्सव आणि हे काका बंदुकांवर काय बोलणार? पण तुम्ही मला पंचवीस वर्षं ओळखता. छत्तीस वर्षं मी अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीत टूलरूममध्ये काढली. रोज सकाळची लोकल, डबा आणि मिलिंग मशीन. त्यामुळे माणूस देऊळ बघायला गेला की कळसाकडे बघतो, तसा मी कुठंही गेलो की कारखान्याकडे बघतो. आणि जे सांगणार आहे त्याचा शेवट आपल्या कंपाउंडमध्येच होणार आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मुलगी आणि जावई मेरीलँडमध्ये असतात. मागे आम्ही दोघं चार महिने त्यांच्याकडे होतो. वॉशिंग्टनपासून साधारण शंभर किलोमीटरवर हार्पर्स फेरी नावाचं एक लहान गाव आहे. जावई म्हणाले, ‘बाबा, तुमच्या कामाचं ठिकाण आहे, चला.’

पोटोमॅक आणि शेनान्डोआ या दोन नद्यांचा तिथं संगम होतो. भोवती डोंगर आणि मधल्या टोकावर गाव. मला कराडचा प्रीतिसंगम आठवला. रॉबर्ट हार्पर नावाचा गृहस्थ अठराव्या शतकात तिथं नावेनं माणसं पलीकडे पोचवायचा, म्हणून गावाचं नाव हार्पर्स फेरी. १७९४ साली अमेरिकेच्या काँग्रेसनं सरकारी शस्त्रांचे कारखाने काढायचा कायदा केला. एक कारखाना मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफिल्डला ठरला. दुसऱ्यासाठी खुद्द अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ही जागा निवडली. तरुणपणी जमीन मोजणीचं काम करताना त्यांनी हा मुलूख पाहिला होता. दोन नद्या म्हणजे यंत्रं फिरवायला पाणी, आणि डोंगरात लोखंड आणि कोळशासाठी जंगल. १७९९ साली बांधकाम सुरू झालं. पुढे १८६१ पर्यंत इथं सहा लाखांहून जास्त बंदुका, रायफली, पिस्तुलं तयार झाली.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इंग्रजीत आर्मरी आणि आर्सेनल असे दोन शब्द आहेत. हार्पर्स फेरीत आर्मरी म्हणजे जिथं शस्त्रं बनायची तो कारखाना, आणि आर्सेनल म्हणजे बनलेली शस्त्रं ठेवायचं कोठार. आपण दोन्हींना शस्त्रागार म्हणून मोकळे होतो. हार्पर्स फेरीला दोन्ही होती. पोटोमॅकच्या काठानं कारखान्याच्या वीसेक इमारती दोन रांगांत उभ्या, आणि समोर रस्त्यापलीकडे कोठार.

१८०३ साली मेरीवेदर लुईस इथं आला होता. अमेरिकेच्या पश्चिमेकडचा प्रदेश शोधायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क जोडीतला तो लुईस. मोहिमेसाठी त्यानं इथून रायफली घेतल्या आणि लोखंडी सांगाड्याची, सुटी करून नेता येईल अशी एक नाव बनवून घेतली. त्यासाठी महिनाभर मुक्काम ठोकला. पुढे दोन वर्षांनी ती नाव पाण्यात सोडली आणि ती गळायला लागली. सांगाडा उत्तम होता, पण सांधे बुजवायला लागणारी राळ त्या भागात मिळाली नाही. टूलरूमवाल्यांना हे फार ओळखीचं आहे. आमचा जॉब बरोबरच असतो, गळती नेहमी पुढच्या डिपार्टमेंटला होते!

आता माझ्या आवडीचा भाग. त्या काळात बंदूक म्हणजे कारागिराच्या हातचं काम. चापाचा प्रत्येक भाग कानस मारून मारून शेजारच्या भागाला बसवायचा. त्यामुळे एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला बसायचा नाही. लढाईत एक भाग मोडला की अख्खी बंदूक कारागिराकडे परत. १८१९ साली जॉन हॉल नावाच्या माणसानं सरकारशी करार केला की मी हजार रायफली अशा बनवीन, की कुठल्याही रायफलीचा कुठलाही भाग कुठल्याही रायफलीला बसेल. शेनान्डोआच्या एका बेटावर त्याला वेगळी जागा दिली होती. त्यानं नवी यंत्रं बनवली आणि मुख्य म्हणजे गेज बनवले. प्रत्येक भाग गेजमधून जायलाच हवा, कारागिराच्या नजरेवर काही सोडायचं नाही. लोक हसले, पैसे वाया चाललेत म्हणाले. १८२० च्या दशकाअखेर त्यानं ते करून दाखवलं. १८३४ मध्ये तर दूर कनेटिकटमधल्या दुसऱ्या कारखान्यात केलेले भाग इथल्या रायफलीला बसले. आज तुमच्या गाडीचा पार्ट ऑनलाइन मागवता आणि तो चपखल बसतो, त्या साखळीची एक कडी त्या बेटावर आहे. बेटावर आता भिंतींचे पाये आणि झाडी एवढंच उरलंय. मी तिथं पाच मिनिटं उभा राहिलो. बायको म्हणाली, ‘इथं बघण्यासारखं काय आहे?’ तिला काय सांगणार.

तर असा हा मोठा कारखाना. चारशेच्या घरात कामगार, पाण्यावर फिरणारी यंत्रं, देशभर नाव. जावयांना म्हटलं, ‘चला, कारखाना दाखवा.’ त्यांनी एका लहानशा विटांच्या इमारतीकडे बोट दाखवलं. बैठी, तीन कमानदार दरवाजांची, वर छोटा मनोरा. म्हणाले, ‘हाच. बाकी काही शिल्लक नाही.’

मंडळी, ही इमारत होती कारखान्याचा बंबखाना. आग विझवायचे बंब ठेवायची जागा, आणि तिसऱ्या दरवाजामागे पहारेकऱ्यांची खोली. आपल्या भाषेत सांगायचं तर पंपरूम आणि वॉचमनची केबिन. १८४८ साली ती बांधली. कारखान्याच्या त्या वर्षीच्या अहवालात तिची मापं दिलेली आहेत. साडेपस्तीस फूट बाय चोवीस फूट, विटांची, एकमजली, वर स्लेटच्या पाटीचं छप्पर, तांब्याच्या पन्हळी. मी खिशातला मोबाइल काढून गुणाकार केला. ८५२ चौरस फूट. म्हणजे आपल्या बी विंगमधला टू बीएचके, तोसुद्धा बिल्टअप!

लोक हिला ‘जॉन ब्राउनचा किल्ला’ म्हणतात. आपण रायगड-राजगड पाहिलेली माणसं, आपल्याला हसू येतं. पण त्या ८५२ फुटांत जे घडलं ते ऐका.

१८५९ साली अमेरिकेत सुमारे चाळीस लाख माणसं गुलाम होती. जॉन ब्राउन हा गोरा, धर्मवेडा म्हणावा इतका कट्टर माणूस, वय ५९. गुलामगिरी बोलून जाणार नाही, लढूनच जाईल असं त्याचं मत. तो काही साधुसंत नव्हता, हेही सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी कॅन्ससमध्ये त्याच्या टोळीनं पाच माणसांना रात्री घरातून बाहेर काढून ठार मारलं होतं. अजूनही तिथं त्याच्यावरून वाद होतात. कुणी हुतात्मा म्हणतं, कुणी खुनी.

त्याचा बेत असा की हार्पर्स फेरीचं कोठार ताब्यात घ्यायचं, शस्त्रं गुलामांना वाटायची आणि डोंगरात ठाणं करायचं. पलीकडे मेरीलँडमध्ये एक शेतावरचं घर भाड्यानं घेऊन त्यानं २१ माणसं जमवली. १६ गोरे, ५ काळे. त्यातला एक डेंजरफील्ड न्यूबी. तो स्वतः मोकळा झाला होता, पण बायको हॅरिएट आणि मुलं व्हर्जिनियात मालकाच्या ताब्यात. त्यानं तिला विकत घ्यायला पैसे साठवले, मालकानं सौदा होऊ दिला नाही. ती पत्रं पाठवत होती, लवकर ये, मला दुसरीकडे विकतील म्हणून. ती पत्रं त्याच्यापाशी होती.

१६ ऑक्टोबर, रविवारची रात्र. तिघांना मागे ठेवून ब्राउन अठरा जणांसह पूल ओलांडून आला. तारा तोडल्या. कारखान्याच्या फाटकाशी एकच पहारेकरी होता, डॅनियल व्हेलन. त्याच्यावर बंदुका रोखल्या आणि चावी मागितली. त्यानं दिली नाही. शेवटी त्यांनी आपल्या गाडीतली पहार आणून कुलूप तोडलं. हे आपल्याला कळलं, कारण पुढे चौकशी समितीपुढे त्या पहारेकऱ्याची साक्ष झाली आणि ती लिहून घेतली गेली. व्हेलनचं नाव लक्षात ठेवा, मी परत त्याच्याकडे येणार आहे.

पहिला बळी कोण गेला? स्टेशनवर सामान उचलणारा हेवर्ड शेफर्ड. तो काळा माणूस होता आणि गुलाम नव्हता, स्वतंत्र होता. काळ्यांना सोडवायला आलेल्यांच्या गोळीनं पहिला तोच गेला. दुसऱ्या दिवशी गावकरी आणि आसपासच्या पलटणी जमल्या. न्यूबी रस्त्यात मारला गेला. हल्लेखोरांपैकी तो पहिला. हॅरिएटची पत्रं त्याच्या अंगावर सापडली.

ब्राउन काही ओलीस धरून बंबखान्यात शिरला. आतून बंब दरवाजाला टेकवले, दोर बांधले. ओलिसांमध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराण्यातला एक गृहस्थसुद्धा होता. १८ तारखेला सकाळी मरीन सैनिकांनी हल्ला चढवला. त्यांचा प्रमुख होता कर्नल रॉबर्ट ली, जो दोन वर्षांनी बंडखोर दक्षिणेकडे जाणार होता. घणाचे घाव घातले, दरवाजा हलला नाही. मग जवळ पडलेली एक जड शिडी उचलून तिच्या धडका दिल्या तेव्हा फळी फुटली. आतली चकमक काही मिनिटांत संपली. ब्राउनची दहा माणसं मेली, त्यात त्याची दोन मुलं. पाच निसटली. ब्राउन आणि आणखी सहा जणांना पुढे फाशी झालं. ब्राउनला २ डिसेंबर १८५९ रोजी.

दीड वर्षात यादवी युद्ध पेटलं. १८ एप्रिल १८६१ ला दक्षिणेची फौज जवळ आली तेव्हा सरकारच्याच सैनिकांनी कोठाराला आणि कारखान्याला आग लावली. कामगारांनी धावाधाव करून बरीच यंत्रं वाचवली. त्यांना वाटलं कारखाना वाचेल, पोट वाचेल. पण दक्षिणेच्या सैन्यानं ती यंत्रं उचलून रिचमंड आणि फेएटव्हिलला नेली. युद्धात गाव आठ वेळा इकडून तिकडे गेलं. कारखाना पुन्हा सुरू झाला नाही. आणि आग विझवायला बांधलेला बंबखाना तेवढा त्या आगीतून राहिला.

आता इमारतीचं नशीब बघा. युद्धानंतर रेल्वेनं येणारे लोक खिडकीतून ती बघायचे, उतरून विटांचे टवके आठवण म्हणून न्यायचे. १८९१ मध्ये ती विकली गेली. शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरणार होतं, तिथं तिकीट लावून दाखवायची म्हणून वीट न् वीट सुटी करून नेली आणि तिकडे परत उभी केली. दहा दिवसांत किती माणसं आली? अकरा. कंपनी बुडाली, विटा एका मोकळ्या जागेत पडून राहिल्या.

मग केट फील्ड नावाच्या वॉशिंग्टनच्या एका पत्रकार बाईंनी वर्गणी गोळा केली. रेल्वे कंपनीनं फुकट वाहतूक दिली, मर्फी नावाच्या शेतकऱ्यानं जागा दिली, आणि १८९५ मध्ये इमारत गावाबाहेर त्याच्या शेतात उभी राहिली. दुसरा मुक्काम.

तिसरा मुक्काम सांगण्यासाठी जरा मागं जावं लागेल. युद्धानंतर, १८६७ मध्ये, हार्पर्स फेरीतच गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी स्टोअरर कॉलेज सुरू झालं. कारखान्याच्या अधिकाऱ्यांसाठी बांधलेले बंगले होते, त्यात वर्ग भरले. १९०६ च्या ऑगस्टमध्ये या कॉलेजात नायगारा चळवळीची परिषद झाली. काळ्या लोकांना बरोबरीचे हक्क हवेत म्हणून डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस आणि त्यांचे सहकारी जमले होते. एके दिवशी पहाटे ही शिकली-सवरलेली मंडळी, डॉक्टर, वकील, प्राध्यापक, चालत मर्फीच्या शेतातल्या त्या बंबखान्याकडे गेली. जवळ पोचल्यावर ब्रुकलिनहून आलेल्या एका डॉक्टरांनी जोडे-मोजे काढले आणि अनवाणी पुढे गेले.

गाइडनं हे सांगितलं तेव्हा आमच्या हिनं माझ्याकडे बघितलं. जोडे कुठं काढायचे हे आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही.

१९०९ मध्ये त्या कॉलेजनं इमारत विकत घेतली आणि आपल्या आवारात आणली. कॉलेज काही श्रीमंत नव्हतं. पण शिकागोत तिकीट लावून जिला अकरा माणसं मिळाली, तिच्यासाठी या लोकांनी पैसे उभे केले. १९५५ मध्ये कॉलेज बंद पडलं. नंतर इमारत राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आली, आणि १९६८ मध्ये चौथ्यांदा हलवून गावात परत आणली. मूळ जागेवर नाही हं. तिथं १८९४ मध्येच रेल्वेचा भराव पडला होता. म्हणून मूळ जागेपासून साधारण दीडशे फुटांवर. जुन्या जागेवर एक दगडी खांब आहे.

तुम्ही म्हणाल, काका, हे सगळं त्यांचं, आपला काय संबंध? एक संबंध असा की युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्यानं गेली ती १८६५ साली. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, आपल्या पुण्यात महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या माणसांना अर्पण केलं. आणि ते अनवाणी मंडळींचे पुढारी ड्यू बॉईस, त्यांना १९४६ मध्ये डॉक्टर आंबेडकरांनी पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे निवेदन जाणार होतं, त्याची प्रत मागितली. ड्यू बॉईस यांनी उत्तरही दिलं. म्हणजे हार्पर्स फेरीचा रस्ता पुण्या-मुंबईपर्यंत येतो.

पण मला आणखी एक संबंध सांगायचा आहे, आणि तो जरा अवघड आहे.

गेल्या एजीएममध्ये आपण ठराव केला की गेटजवळची जुनी पंपरूम आणि तिला लागून असलेली वॉचमनची केबिन पाडायची, तिथं पार्किंग आणि गाड्यांचं चार्जिंग करायचं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. ठराव योग्य आहे. छप्पर गळतंय, नवी पंपरूम झालेली आहे. ती वाचवा म्हणायला मी उभा नाही. आपली काही ऐतिहासिक वास्तू नाही ती.

पण तिथं काय घडलं? २६ जुलै २००५. जुन्या सभासदांना सांगायला नको. दुपारनंतर नदीचं आणि नाल्याचं पाणी एक झालं. रात्री आठपर्यंत तळमजल्यावर मांडीएवढं पाणी. तळमजल्याची सगळी कुटुंबं वरच्या घरांमधे. वरच्या टाक्या रिकाम्या, लहान मुलं, म्हातारी माणसं, प्यायला पाणी नाही. त्या वेळी आपल्याकडे जो वॉचमन होता त्यानं संध्याकाळीच मेन स्विच पाडला होता आणि पंपरूमला कुलूप लावलं होतं. तळमजल्याचं प्रत्येक दार वाजवून लोकांना वर काढलं तेही त्यानंच.

साधारण नऊ वाजता एक सभासद पाण्यातून चालत केबिनपाशी गेले. केबिन जोत्यावर असल्यानं तिथं पाणी कमी होतं. ते म्हणाले, चावी दे, मी पंप चालू करतो, मला मशीनमधलं कळतं. तो म्हणाला, ‘नहीं साब.’ ते चिडले. आवाज चढवला. तुला नोकरीवर ठेवायचं की नाही ते आम्ही ठरवतो, असंही म्हणाले. त्यानं चावी खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून उभा राहिला. कंपाउंडमध्ये पाणी भरलेलं, तीस-चाळीस माणसं जिन्यात पाण्यात उभी. त्या वेळी मेन टाकला असता आणि कुठं केबल उघडी असती, तर काय झालं असतं हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल.

ते सभासद म्हणजे मी.

तेव्हा छत्तीसपैकी निम्म्याहून जास्त वर्षं नोकरी झाली होती. सेफ्टीचे बोर्ड रोज वाचत होतो. पण घरी आईला पाणी हवं होतं आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन दिवसांनी पाणी उतरलं, चिखल काढला, सगळ्यांनी सगळ्यांना चहा पाजला. मी त्याला काही बोललो नाही. उद्या बोलू, परवा बोलू. वर्षा-दीड वर्षात तो गावी गेला आणि परत आला नाही.

हार्पर्स फेरीला गाइड डॅनियल व्हेलनचं नाव सांगत होता, चावी न दिलेल्या पहारेकऱ्याचं, तेव्हा मी मनात आपल्या वॉचमनचं नाव आठवायला लागलो. आठवेना. हिला विचारलं. ती म्हणाली, बहादूर. अहो, बहादूर तर आपण सगळ्यांनाच म्हणतो. त्याच्या आधीच्यालाही म्हणायचो, नंतरच्यालाही. परत आल्यावर मी ऑफिसमधली जुनी रजिस्टरं काढली. दर महिन्याची नोंद आहे: ‘वॉचमन, पगार’. रक्कम आहे. सही म्हणून अंगठा आहे. नाव नाही.

व्हेलनला जाऊन दीडशे वर्षं होत आली असतील, आणि त्याचं नाव मला ठाऊक आहे. माझा जीव ज्यानं वाचवला त्याचं ठाऊक नाही.

या स्मरणिकेत पंचवीस वर्षांच्या सगळ्या कमिट्यांची यादी येणार आहे. यायलाच हवी. लोकांनी स्वतःची कामं सोडून इथं वेळ घातला. माझी विनंती एवढीच, की आणखी एक पान ठेवा. वॉचमन, झाडणाऱ्या मावशी, प्लंबर, टाकी धुणारे, ज्यांची नावं मिळतील त्यांची पूर्ण नावं आणि कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत. आजच्या माणसांची तर आजच विचारून घेता येतील. मी काल रात्री आपल्या गेटवरच्या दोघांना विचारलं. दोन वर्षं ते इथं आहेत, आणि मी पहिल्यांदा विचारत होतो.

आणि केबिन पाडायच्या आधी तिचं माप घ्या. टेप मी देतो, माप मीच घेईन, तेवढं अजून जमतं. फोटो काढून ठेवू. अमेरिकेतल्या त्या बंबखान्याची लांबी-रुंदी आज आपल्याला माहीत आहे, कारण १८४८ मध्ये ती अहवालात नीट लिहिली गेली. ज्यानं लिहिली त्याला काय ठाऊक, अकरा वर्षांनी तिथं काय होणार आहे. आपल्यालाही ठाऊक नसतं.

पंधरा मिनिटं कधीच संपली, ही हातानं खूण करते आहे. टाकीवरची मुलं अजून उतरलेली नाहीत. सगळ्यांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. नमस्कार.

(सूचना : २००५ साली आपल्या गेटवर असलेल्या वॉचमनचं पूर्ण नाव, गाव किंवा फोटो कुणाकडे असल्यास कमिटी ऑफिसमध्ये कळवावं. केबिनचं माप भाषणानंतरच्या रविवारी घेतलं : नऊ फूट बाय सात फूट, पंपरूम वेगळी. – संपादक मंडळ)